जुनेराची गोधडी आणि माझं तोंड

सुरतेत आमच्या घरात अनवाणी चालायची सोय नव्हती. फरशी चांगली होती, रोज पुसलेली होती, पण सकाळी खाटेवरून पाय खाली ठेवला की टाचेत काहीतरी रुतायचं. लंगडत पुन्हा खाटेवर बसायचं, तळपाय उलटा करून बघायचं, तर मोहरीएवढा निळा मणी. कधी हिरवा. एकदा आमटीत पांढरा आला. मला दिसायच्या आधीच तो दाताखाली गेला आणि दाढेचा टवका उडाला. "मणी फुटला का हो?" हे बायकोचं पहिलं वाक्य. दाढेची चौकशी नंतर झाली, तीही मणी शाबूत निघाल्यावर.

मी पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होतो. राज्याची वाटणी झाली तेव्हा कपाटं, टेबलं, नकाशांच्या गुंडाळ्या आणि मी, असे सगळे मिळून गुजरातच्या वाट्याला आलो. पुढे सुरतेला बदली झाली. मोठ्या धरणाचे कालवे तेव्हा अजून आमच्या कागदावरच वाहत होते. सगरामपुऱ्यात एका घराचा वरचा मजला भाड्याने मिळाला. खाली घरमालकीण, तिचे यजमान आणि एक मुलगी. यजमान दिवसभर मागांच्या कारखान्यात असत, मला ते महिन्यातून दोनदा दिसत. मालकीणबाईंना आमची ही पहिल्याच आठवड्यात 'मासी' म्हणायला लागली, आणि मासी मला 'भाई' म्हणायला लागल्या. तिथून सगळं माझ्या हातातून सुटलं.

मासी मूळच्या भावनगरकडच्या. त्यांच्यात मुलीच्या लग्नात मोत्यांचं तोरण द्यायचंच असतं. मोती म्हणजे खरे मोती नव्हेत, बारीक काचमणी. खाली कापड वगैरे काही नाही. मणी एकमेकांत सुईदोऱ्याने ओवत गेलं की त्या मण्यांचंच कापड होत जातं आणि त्यात पोपट, हत्ती, कलश उमटतात. खरं तर हे मुलीने स्वतः ओवायचं असतं. मासींची मुलगी टायपिंगच्या क्लासला जायची आणि मणी बघितले की तिला जांभई यायची. म्हणून दुपारी दारापुढच्या ओटल्यावर मासी एकट्याच ओवत बसायच्या. ही भाजी निवडायला म्हणून खाली गेली, आणि आठ दिवसांनी वर आली ती मण्यांचं ताट घेऊन. मासी गुजरातीत बोलत, ही मराठीत बोले, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळे. मी दोन्ही भाषा जाणणारा, मला यातलं काहीही कुणी विचारत नव्हतं.

विचारत नव्हतं, पण पाठवत होतं. शनिवारी कचेरी अर्धा दिवस असे. घरी येऊन बूट काढतोय तोवर हिने कागदाची पुडी पुढे केलेली असायची. पुडीत तीन मणी.

"हाच हिरवा आणायचा. चौटा बाजारात मिळतो."

चौटा बाजार म्हणजे बायकांचा बाजार. बांगड्या, रिबिनी, लेस, परकर. त्या गर्दीत मी एकटा पुरुष, हातात तीन मण्यांची पुडी धरून उभा. दुकानदार पुडी उघडून बघायचा, मण्यांकडे नाही, माझ्याकडे.

"ए लॉट तो गयो, भाई. हवे आ छे." म्हणजे तो माल संपला, आता हा.

त्याने दिलेला हिरवा मला अगदी तोच वाटायचा. उन्हात धरून बघायचो, चष्मा काढून बघायचो. तोच. घरी आल्यावर ही ताटावर वाकून अर्ध्या सेकंदात सांगायची, "हा कडुलिंब आहे. मला पोपटी हवा होता. पोपट कडुलिंबाचा कसा करू?" मग मासी वर यायच्या, दोन्ही मणी तळहातावर घ्यायच्या आणि माझ्याकडे न बघता म्हणायच्या, "पुरुषने शुं समजाय." मी पुन्हा चपला घालायचो. एका शनिवारी तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला दुकानदाराने मला स्टूल दिलं.

आता इथे गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव असा की एखादी गोष्ट डोक्यात गेली की ती नीट लावून दिल्याशिवाय राहवत नाही. मासी पोपट नुसत्या आठवणीने ओवायच्या. समोर कागद नाही, मोजमाप नाही, तोंडाने काहीतरी पुटपुटत: दोन लाल, एक पांढरा, दोन लाल. मध्येच कुणी हाक मारली की चुकायचं, मग चार ओळी उसवायच्या. हे बघून माझ्यातला ड्राफ्ट्समन कळवळला. मी चौकटीचा कागद आणला, त्यावर पोपट काढला, एक चौकट म्हणजे एक मणी असा हिशेब ठेवला, रंग भरले, खाली प्रमाण लिहिलं आणि कोपऱ्यात सहीसुद्धा केली. फार देखणा पोपट होता तो. हिने पंधरा दिवस खपून तो जसाच्या तसा ओवला.

मासींनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"भाई, आ पोपट छे के मरघी?"

कोंबडीच होती. बुटकी, फुगलेली, चोच कलती. झालं होतं असं की या ओवण्यात मणी एकाखाली एक बसत नाहीत. सुईत दोन मणी घ्यायचे आणि वरच्या ओळीतल्या एका मण्यातून सुई काढायची, की नवा मणी वरच्या दोघांमधल्या खाचेत जाऊन बसतो. माझ्या चौकटी सरळ, आणि मणी मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. चौकटीतला पोपट पोळ्यात बसवला की त्याची कोंबडी होते. हे समजायला मला स्वतःला सुई हातात घ्यावी लागली.

तीच चूक झाली. एका रविवारी सकाळी 'बघू तरी' म्हणून बसलो तो जेवायलाच उठलो. खरं सांगायचं तर मला त्यात भयंकर गोडी लागली. सुईचं टोक ताटातल्या मण्यांच्या ढिगात नुसतं फिरवलं की मणी आपोआप टोकावर चढतो, दोरा ओढला की खाचेत टुपकन बसतो, आणि ओळ संपली की काल नव्हता तो डोळा पोपटाला आलेला असतो. कचेरीत वर्षानुवर्षं काढलेल्या कालव्यातून पाण्याचा थेंब गेलेला मी पाहिला नव्हता. इथे रोज संध्याकाळी बोटभर काहीतरी खरंच व्हायचं. अर्थात हे मी कुणाला सांगितलं नाही. जिन्यात पाऊल वाजलं की ताट खाटेखाली सरकवायचो आणि वर्तमानपत्र उघडायचो. ताट सरकवताना मणी सांडायचे. सकाळी तेच माझ्या टाचेत.

मासींच्या मुलीला हे ठाऊक होतं. ती वर यायची, वर्तमानपत्राकडे बघून म्हणायची, "भाई, आजचा पेपर उलटा छापलाय का?"

ही मुलगी आमच्याकडे वरचेवर यायची ती एका कारणासाठी: हिच्या गोधडीवर लोळायला. हिच्या माहेरी, संगमनेरला, जुनी लुगडी टाकून देत नाहीत. जुनेर म्हणजे धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं लुगडं. त्याचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने गोधडी शिवायची. सासूबाई दर वर्षी कुणाच्या तरी हाताने दोन-तीन जुनेरं धाडायच्या आणि ही दिवाळीनंतर सुई घेऊन बसायची. खाली मासींकडे सगळं उलट. साडी जरा विटली की ती भांडीवालीला द्यायची आणि स्टीलची वाटी घ्यायची. त्यांच्या फळीवर डबे नुसते चकाकत असत. आमची गोधडी पहिल्यांदा बघितली तेव्हा मासींनी कापड चिमटीत धरलं आणि मनापासून हळहळल्या, "आटलामां तो घडो आवी जाय." एवढ्या लुगड्यांत अख्खा हंडा आला असता, आणि आम्ही ते अंगाखाली घेऊन झोपत होतो.

पण मणी शिकवले म्हणून ही त्यांना गोधडी शिकवायला लागली. मासींना टाका बारीक घालता यायचा नाही, हिला मण्यांचा दोरा ताणता यायचा नाही, रोज ओटल्यावर एकमेकींची शिवण उसवणं चालायचं. उसवताना दोघींना इतका आनंद व्हायचा की शिवण हे मला निमित्तच वाटायला लागलं.

मग मुलीचं लग्न ठरलं. स्थळ कामरेजचं, ऊसवाले, माणसं चांगली. लग्नाआधी मुलीला द्यायचं सगळं, म्हणजे साड्या, भांडी, तोरण, भिंतीवर लावायचे चौकोनी चाकळे, खाटांवर मांडून ठेवतात आणि वराकडच्या बायका येऊन बघतात. त्याला 'आणुं' म्हणतात. तोरण होतंच, त्यातले अकरा पोपट मासींचे, सात हिचे, आणि डाव्या टोकाचे दोन माझे, पण ते गुप्त. ही एक दिवस मला म्हणाली, "मी तिला गोधडी देणार."

"दे की."

"आईच्या लुगड्यांची. सगळ्यात चांगली पाच आहेत ती घालणार."

ती पाच लुगडी हिने कधी फाडली नव्हती. एकाला अंजिरी काठ होता, सासूबाईंच्या अंगावर मी तो लग्नात पाहिला होता.

"अगं, तिच्याकडे नवी रजई देतील कापसाची."

"रजई कुणीही देईल. माझी धाकटी बहीण असती तर तिला मी काय दिलं असतं?"

हिला बहीण नव्हती, चार भाऊ होते. सुरतेत आपलं म्हणावं असं माणूस म्हणजे ही खालची दोन. मी पुढे काही बोललो नाही. मी असं वागलो असे प्रसंग थोडे आहेत, म्हणून नोंदवून ठेवतो.

गोधडी दोन महिने चालली. आधी जमिनीवर थर पसरायचे, चारी कोपऱ्यांवर पाट ठेवायचे, सुरकुती काढून मोठे मोठे कच्चे टाके घालायचे, आणि मग कडेपासून आत, दोन बोटं अंतर सोडत, चौकोनात चौकोन शिवत मध्यावर यायचं. मी पट्टी आणि गुण्या घेऊन रेघा आखायला बसलो तेव्हा हिने पट्टी काढून घेतली. "हा कालवा नाही. हाताने शिवा, हात आपोआप सरळ जातो." माझा हात आपोआप सरळ जात नाही, तीस वर्षं तो पट्टीला लागून चालला आहे. तरी मला एक बाजू मिळाली. रविवारी आम्ही तिघं तीन बाजूंना: ही, मासी आणि मी. मी अंगुस्तान घालायचो नाही, पुरुषाला कशाला म्हणून. सोमवारी कचेरीत पेन धरता यायचं नाही आणि साहेब विचारायचे, बोटाला काय झालं. मी सांगायचो, टाचणी लागली. दर सोमवारी टाचण्या लागणारा मी खात्यातला एकमेव माणूस होतो.

आणं मांडायला खाली जागा पुरेना, म्हणून आमची वरची खोली घेतली. खाटा मी हलवल्या, दिवा मी लावला, तोरण दारावर मी ठोकलं. गोधडी मधल्या खाटेवर, अंजिरी काठ वर येईल अशी. तिला चारी बाजूंनी नवी लाल पट्टी लावली होती. पाहुण्या यायच्या आधी मासींनी मला जिन्यात गाठलं आणि हळू आवाजात समजावलं. वराची आई जुन्या वळणाची आहे. गोधडी हातची आहे, एवढंच सांगायचं. कशाची आहे, ते कुणी विचारलं तर तुम्हाला गुजराती येत नाही.

"मला येतं की."

"आजनो दिवस नथी आवडतुं," मासी म्हणाल्या. आजच्यापुरतं येत नाही.

खरं तर मला तिथे थांबायचं कारणच नव्हतं. तो बायकांचा कार्यक्रम. पण माझ्या दोन पोपटांबद्दल कोण काय म्हणतं ते मला ऐकायचं होतं, म्हणून मी दाराच्या बाहेर, दिव्याच्या तारेशी काहीतरी काम असल्यासारखा उभा राहिलो.

वराची आई, म्हणजे आता मासींच्या विहीणबाई, आधी तोरणापाशी थांबल्या. उंच, काटक बाई, डोळे बारीक. तोरण उलटं करून मागची बाजू बघितली. सरस छे, म्हणाल्या. डाव्या टोकाला जरा जास्त वेळ बघितलं, बोलल्या काही नाहीत. मी समाधान मानलं. मग त्या गोधडीपाशी आल्या. हात फिरवला, कोपरा उचलला, टाके बघितले, आणि म्हणाल्या,

"सरस छे. तैयार लीधी?"

तयार घेतली. बाजारातून. दोन महिने माझ्या बोटांची चाळण झाली होती, आणि ही बाई म्हणत होती तयार घेतली. मासी लगेच म्हणाल्या, नाही नाही, हातची आहे. विहीणबाई नुसत्या हसल्या. सगळे असंच सांगतात, अशा अर्थाचं ते हसू होतं.

माझं डोकं फिरलं. मी तार सोडून आत गेलो आणि माझ्या उत्तम गुजरातीत सुरू झालो. हातचीच आहे, ही बाजू तर मी स्वतः शिवली आहे. आणि हे कापड बाजारात कुठे मिळेल? ही माझ्या सासूची लुगडी आहेत, संगमनेरची. हे लुगडं सासूबाईंनी बारा वर्षं नेसलं आहे, हे त्याच्याही आधीचं, हात लावून बघा, नेसल्याशिवाय असं मऊ होतच नाही. बोलता बोलता मी कोपरा उलटून आतला थरसुद्धा दाखवला. आमच्याकडे याहून मोठी स्तुती नाही. जितकं जास्त नेसलेलं तितकी गोधडी भारी.

विहीणबाईंनी हात मागे घेतला, अगदी सावकाश.

"आणामां पहेरेलां कपडां?" त्या म्हणाल्या. आण्यात नेसलेले कपडे? मला नाही, मासींना विचारलं.

मासींनी काहीतरी सारवासारव केली. ही तर शेजाऱ्यांची आठवण, आण्यात धरलेली नाही, चुकून मांडली. बोलता बोलताच त्यांनी गोधडी उचलली, घडी केली आणि हिच्या हातात दिली. त्या जागी एक साटिनची रजई येऊन बसली. ही ती घडी छातीशी धरून भिंतीला लागून उभी राहिली, पाहुण्या चहा पिऊन जाईपर्यंत. माझ्याकडे तिने एकदाच बघितलं. तेवढं पुरेसं होतं.

मुलगी कामरेजला गेली. जाताना हिच्या गळ्यात पडून रडली, पण गोधडी मागितली नाही. मागता आली नसती, हे मला कळत होतं. हिला पण कळत होतं. कळून काही उपयोग होत नाही अशा गोष्टींपैकी ती एक होती. गोधडी ट्रंकेत गेली, ताटातले मणी डबीत गेले आणि डबी ट्रंकेत गेली. ही मासींशी बोलायची, पण भाजीबद्दल, पाण्याबद्दल. ओटल्यावर बसणं बंद. फरशी इतकी स्वच्छ झाली की मी अनवाणी वाट्टेल तिथे फिरू शकत होतो, आणि त्या फिरण्याचा मला विलक्षण संताप यायचा.

मी दुरुस्तीचा प्रयत्न केला नाही असं नाही. एका शनिवारी आपणहून चौटा बाजारात गेलो आणि चमकदार गुलाबी आर्ट सिल्कचा तुकडा घेऊन आलो. बेत असा की गोधडीला वरून नवं कापड लावायचं, आतलं कुणाला दिसायचं नाही, आणि कामरेजला पोचवायची. एक संध्याकाळ खपून मी तो वरून टाचला. ते कापड इतकं निसरडं की गोधडी खाटेवर ठरेना. पांघरली की घसरून खाली, अंथरली की माणूस घसरून खाली. ही दारात उभी राहून बघत होती.

"काढा ते."

"अगं, पण असं दिलं तर..."

"आईचं लुगडं लपवून पाठवू? तोंड तुमचं चुकलं, त्याला लावा ते कापड."

मी टाके उसवले. ते गुलाबी कापड पुढे माझ्या ड्रॉइंग बोर्डावर धूळ बसू नये म्हणून गेलं आणि तिथूनही घसरत राहिलं.

वर्ष झालं असेल. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि एका दुपारी खाली बाळ रडल्याचा आवाज आला. मुलगा. तिसऱ्या दिवशी कामरेजहून विहीणबाई आल्या. मी रजेवर होतो, सर्दीने. खाली काहीतरी शोधाशोध चाललेली ऐकू येत होती, कपाटं उघडत होती, मिटत होती. मग जिना वाजला आणि मासी आमच्या दारात आल्या. वर्षभरात त्या वर आल्याच नव्हत्या. उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या राहिल्या.

बाळाच्या अंगाला लावायला जुनं कापड हवं होतं. त्यांच्यात तान्ह्या बाळाला नवं चालत नाही. नवं अंगाला टोचतं, आणि नजरही लागते म्हणतात. आत्या सहाव्या दिवशी पहिलं नवं घेऊन येते तोवर सगळं जुनं, मऊ. आणि मासींच्या घरात जुनं सूत काही उरलंच नव्हतं. सगळ्याचे डबे झाले होते.

हिने ट्रंक ओढली. गोधडी काढली आणि खाली गेली. मी नाक पुसत मागोमाग गेलो. बोलायचं नाही, हे मी जिन्यात तीन वेळा स्वतःला बजावलं.

विहीणबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी गोधडीचा कोपरा घेतला, अंगठ्याने चोळला, मग आपल्या गालाला लावून बघितला.

"आ पेली ज ने?"

"तीच," ही म्हणाली.

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तैयार नथी. हाथनी छे," त्या म्हणाल्या. "तमे बहु समजाव्युं हतुं."

खाटेवर पडलेली मुलगी हसली आणि टाके दुखतात म्हणून लगेच थांबली. मी खाली मान घातली. आता गोधडी बाळाखाली अंथरतील, चार दिवस गेले की मुलगी ती आपल्यासोबत कामरेजला नेईल, आणि वर्षभराचं माझं पाप फिटेल, असं मला वाटलं. विहीणबाईंनी गोधडी पूर्ण उलगडली, लांबी-रुंदी डोळ्यांनी मापली आणि मासींना म्हणाल्या, केवढी मोठी आहे, बाळाला काय करायची. गोधडीचे चार तुकडे होतील. एक ओलं, एक सुकत, एक अंगाखाली, एक अंगावर.

"कापायची?" हे माझं तोंड.

"मग? बाळ काय खाटेएवढं आहे?" ही म्हणाली, आणि मासींकडे कात्री मागितली.

"अगं, दोन महिने शिवली. चौकोनात चौकोन आहेत. मध्ये कापलं तर सगळे टाके उसवतील. आईंचा काठ..."

"काठ दोन तुकड्यांत येईल. बघा ना, बरोबर अर्धा अर्धा येतो." तिचा आवाज कितीतरी दिवसांनी सैल झाला होता. "आईने काय कपाटात ठेवायला पाठवलं होतं? तुमची बाजू ही ना? इथून धरा, ताणून."

मी धरली. माझीच बाजू मीच ताणून धरली आणि हिने कात्री चालवली. पाच थर, आवाज करत कापले गेले. मासी दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या ते पुसायला वेळ काढत नव्हत्या, कारण त्यांनी एव्हाना सुईत दोरा घातला होता. कापलेल्या कडा दुमडून शिवायच्या होत्या. चार तुकडे, चारी बाजू, म्हणजे सोळा कडा. त्यातल्या निम्म्या बाहेरच्या, त्यांना लाल पट्टी होती, तरी आठ उरतात. सर्दीत, रजेच्या दिवशी.

ही आणि मासी शेजारी शेजारी बसल्या. पाच मिनिटांत एकीने दुसरीचा टाका उसवला आणि दुसरीने काही कारण नसताना हसून घेतलं. मला एक तुकडा मिळाला. खरं तर मागितला नव्हता. मी मुकाट शिवू लागलो. विहीणबाई बाळ मांडीवर घेऊन माझ्या समोरच बसल्या होत्या. त्यांना स्वतःला गोधडी शिवता येत नव्हती, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. त्या नुसत्या बघत होत्या. मी वीतभर शिवल्यावर त्या पुढे वाकल्या.

"टांका मोटा छे, भाई."

"टाके मोठे आहेत म्हणतात," हिने मान वर न करता सांगितलं.

"मला कळलं. मला गुजराती येतं."

"मग उसवा."

मी उसवले, आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला लागलो.